पुसलेली वेल

१

कागद कोरा होता, आणि तो कोरा आहे याची खात्री करायला चार शहाणी माणसं त्याच्याभोवती उभी होती.

त्यातला एक माझा भाचा. तो या वनस्पती संस्थेचा संचालक आहे. का आहे, ते मला विचारू नका. लहानपणी घरात भांडण झालं की तो दोन्ही बाजूंना जाऊन ‘तुझंच बरोबर’ म्हणून यायचा. मोठेपणी त्याच गुणावर त्याला खुर्ची मिळाली. सकाळी त्याचा फोन आला होता, मावशी, जरा येऊन जा, कागदाचं काम आहे. माझा जन्म कसर लागलेले नकाशे आणि चिकटलेली चित्रं दुरुस्त करण्यात गेला. तेव्हा भाचा एरवी मला विसरतो आणि कागद बिघडला की त्याला मावशी आठवते. पोलीस बोलवायचे नव्हते, हे त्यानं सांगितलं नाही, पण ते सांगायला लागत नव्हतं.

झालं होतं ते असं. संस्थेच्या काचघरात एक वेल फुलली. जगात कुठल्याच पुस्तकात नसलेली, अगदी नवी. फुलली, आणि लगेच वाळून मेली. नव्या झाडाची ओळख जगाला एका चित्रानं करून दिली जाते. रंग नाहीत, नुसती शिसपेन्सिल, कारण शिरा आणि लव पेन्सिलीतच नीट दिसतात. ते चित्र आणि त्याखालचं चित्रकाराचं नाव त्या झाडाबरोबर कायमचं राहतं. ही वेल जिवंत असेपर्यंत तिच्यासमोर बसून तिचं चित्र संस्थेतल्या तरुण चित्रकार मुलीनं काढलं. दोघा चित्रकारांत लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. चित्र पुरं झालं, तिनं ते ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि ती आजारी आईकडे गेली.

ती नसताना झाडांचे डॉक्टर, म्हणजे त्या वेलीचं वर्णन लिहिणारे शास्त्रज्ञ, चित्र तपासायला गेले. ड्रॉवर उघडला तर कागद जागच्या जागी, आणि त्यावर काही नाही. कुणीतरी खोडरबरानं पानापानासकट वेल पुसून टाकली होती. त्या ड्रॉवरच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक धाकटीकडे, एक डॉक्टरांकडे, एक मुख्य चित्रकारांकडे. या मुख्य चित्रकारांना संस्थेत कलागुरू म्हणतात. हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच आठवत नाही, म्हणजे बहुधा त्यांनी स्वतःच घेतलं असावं.

धाकटी आज परत आली होती. ती नेमणुकीवर नव्हती, हंगामी होती. दुपारी, ही चित्रं ज्यात छापली जातात त्या संस्थेच्या ग्रंथाच्या समितीची बैठक होती, आणि तिथे तिनंच चित्र नष्ट केलं असं ठरलं की तिच्या नावापुढे तसा शेरा बसणार होता. असा शेरा असलेल्या चित्रकाराला कुठलीही संस्था पुन्हा पेन्सिल हातात देत नाही. तिला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि तिला दुसरं काही यावं असं तिचं चित्र पाहिलेल्या कुणालाही वाटलं नसतं.

“पण तिनं स्वतःचं चित्र का खोडावं?” मी विचारलं.

भाच्यानं मला खिडकीपाशी ओढलं आणि आवाज खाली आणला. “मावशी, तिच्या फुलात एक पुंकेसर कमी होता. नाहीतर डॉक्टरांच्या वर्णनात एक जास्त. दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं.”

२

डॉक्टर स्वतःच्या खोलीत बसले होते. भिंतीवर त्यांचे स्वतःचे फोटो होते, झाडाचा एकही नव्हता.

ते शहाणपण पाजळायला लागले की थांबत नसत, त्यामुळे मला विचारायचं काही कामच पडलं नाही. या वेलीच्या फुलात पाच पुंकेसर आहेत, त्यांनी तसं लिहिलं आहे, तसं कळवूनही टाकलं आहे. आणि ही पोरगी चार काढून बसली. का, तर म्हणे तिला चारच दिसले. शास्त्र म्हणजे काय दिसेल ते काढायचं असतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या फोटोंकडे पाहिलं. अशा प्रश्नाला उत्तर दिलं तर तो प्रश्न होता असं होतं.

मग त्यांनी वेलीच्या कुळाचं पुराण लावलं. पानांचे देठ, फुलांची घडी, बियांची टोपणं. जांभई दाबत मी ऐकत होते. एक गोष्ट मात्र त्यांनी बोट हवेत फिरवून दाखवली, म्हणून लक्षात राहिली. या कुळातली प्रत्येक वेल एकाच बाजूनं चढते. समोर धरून पाहिली की तिचा प्रत्येक वेढा खालच्या डावीकडून वरच्या उजवीकडे जातो. पुढून पाहा, मागून पाहा, त्यात फरक पडत नाही. कधी उलटी चढणारी सापडली तर आपण पदवी परत करू, असं ते म्हणाले. त्या पदवीची कुणाला गरज असेल असं मला वाटलं नाही.

नव्यानं काढलेलं चित्र त्यांना पसंत आहे का, असं मी विचारलं. कारण धाकटीचं चित्र गेल्यावर भाच्यानं कलागुरूंना साकडं घातलं होतं, आणि त्यांनी वाळवलेला नमुना समोर ठेवून दुसरं चित्र काढून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे, फ्रेममध्ये लावल्यावर पाहिलं. जवळून पाहिलं का? जवळून पाहायची काय गरज, ते कलागुरूंचं आहे.

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, “एक सांगून ठेवतो, नाहीतर दुसरं कुणीतरी सांगेल. ती जायच्या आदल्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो होतो. सगळ्यांसमोर. खोडून टाक ते, असं म्हणालो होतो.”

३

कलागुरूंच्या खोलीत उत्तरेचा उजेड होता, आरामखुर्ची होती, आणि एकही झाड नव्हतं.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि धाकटीची बाजू घेतली. बाजू घेण्याची त्यांची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याला ती दोषीच वाटावी. मुलगी गुणी आहे हो, पण भावनाप्रधान. टोचून बोललं की सहन होत नाही. डॉक्टरांनी खोड म्हटलं, तिनं रागाच्या भरात खोडलं, आणि आता कबूल करायची लाज वाटते. वय आहे. शेरा अगदी कडक नको, एवढं मी समितीला सांगणार आहे. असं म्हणून त्यांनी स्वतःच्याच मोठ्या मनापुढे मान डोलावली.

मला हे नाकानं कांदे सोलणं पहिल्यापासून खटकत होतं, पण कारण वेगळं होतं. मी आयुष्यभर बिघडलेले कागद पाहिले आहेत. रागावलेला माणूस कागद फाडतो, चुरगाळतो, जाळतो. रागावलेला माणूस खोडरबर घेऊन एकेक शीर पुसत बसत नाही. हा कागद कडेपासून कडेपर्यंत शांतपणे पुसला होता, कुठे सुरकुती नाही, कुठे चुणी नाही. पुसणाऱ्याला चांगल्या कागदाची किंमत कळत होती. त्याला घाईही नव्हती. आणि कागद पळवला असता तर चोरी झाली असती, किल्लीवाल्या सगळ्यांची चौकशी झाली असती. पुसलेला कागद मात्र चित्रकाराच्याच माथी बसतो, कारण खोडणं हा चित्रकाराचा रोजचा धंदा. हे ज्याला सुचलं तो मूर्ख नव्हता.

मी त्यांना तिचं पुरं झालेलं चित्र कसं होतं ते विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवले. ते दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये डोकावत नाहीत. त्यांनी ते कधीच पाहिलं नाही, अगदी अर्धवटसुद्धा नाही. वेल फुलली होती तेव्हा काचघरात एकदा चक्कर टाकली होती, बाकी वाळका नमुना आणि अनुभव.

मग त्यांनी फ्रेम माझ्यासमोर ठेवली. चित्र सुंदर होतं, ते नाकबूल करायचं कारण नाही. काळसर चकाकणाऱ्या छटा, पानांवर लोण्यासारखा उजेड. उजेड डावीकडून आणि वरून, अशा चित्रांत तो नेहमी तसाच असतो, म्हणजे जगभरातली झाडं शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. मध्ये एक काठी, तिच्यावर वेल खालच्या उजवीकडून वरच्या डावीकडे वेढे घेत गेलेली. खालच्या एका पानाला किड्यानं खाल्लेलं भोक, त्याची कड कुरतडलेली, फारच नजाकतीनं काढलेली. मी भिंग लावून फूल पाहिलं.

पुंकेसर चार होते. डॉक्टरांनी पाच लिहिलेले, वाळक्या नमुन्यात फुलं गळून गेलेली, आणि ज्यानं म्हणे धाकटीचं चित्र कधीच पाहिलं नव्हतं त्या माणसानं चार काढले होते.

४

धाकटी रडत नव्हती. ती चित्रशाळेत रिकाम्या टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होती, आणि ते टोक कुणाच्या तरी डोळ्यात घालायची तिची तयारी दिसत होती. मला ती लगेच आवडली. तसं तिला कळू दिलं नाही.

मी तिला वाकडेपणानं विचारलं की डॉक्टर म्हणतात पाच आणि तू म्हणतेस चार, तू कोण मोठी? ती म्हणाली, मी कुणी नाही, पण मी फुलासमोर बसले होते, ते बसले नव्हते. वेल कोमेजत होती, म्हणून तिनं आधी फुलं काढली, मग कोवळी पानं, जून पानं शेवटी. काम चालू असतानाच एका पानाला किडा लागला. ते पान कापून टाक, नाहीतर भोक बुजवून काढ, असं तिला सांगण्यात आलं.

“कुणी सांगितलं?”

“गुरूंनी. ते म्हणाले, भोकाला सौंदर्य नाही.”

“म्हणजे त्यांनी चित्र पाहिलं होतं.”

तिनं टोक करणं थांबवलं. “रोज येऊन मागे उभे राहायचे.”

मी वाळका नमुना मागवून घेतला. काठीवरून सोडवून, सरळ करून, दाबून वाळवलेली वेल. तिला वळण उरलं नव्हतं, फुलं उरली नव्हती, आणि किड्यानं खाल्लेलं पान तर त्यात नव्हतंच. ते आधीच गळून गेलं होतं, असं धाकटी म्हणाली. त्या नमुन्यावरून कुणी चित्र काढलं असेल तर त्याला भोक स्वप्नात दिसलं असलं पाहिजे.

पण गुरू खोटं बोलले एवढ्यानं काय होणार होतं? समितीसमोर ते हसून म्हणाले असते, वय झालं, विसरलो, आणि भाच्यानं मान डोलावली असती. मला तिचं चित्र हवं होतं, आणि ते कुठे होतं? मी तिला तिची काम करायची पद्धत विचारली. ती चाचरत म्हणाली की ती आधी सगळी रेघ कडक, टोकदार पेन्सिलीनं ओढते, आणि जरा दाबूनच ओढते. या सवयीवरून तिनं फार बोलणी खाल्ली आहेत. नाजूक हात नाही, शेतात नांगर चालवल्यासारखं काढतेस, असं कलागुरू म्हणत.

मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि तिचा तो पुसलेला कागद खिडकीच्या काचेशी आडवा धरला. उजेड समोरून पडतो तेव्हा कागद कोरा दिसतो. उजेड कडेनं सरपटत गेला की कागदावरचं सगळं उघडं पडतं. खोडरबर शिसं उचलतो, दाबलेली रेघ उचलत नाही. कागदावर पानं उमटली. शिरा उमटल्या. भोक उमटलं. मग मी काठी पाहिली, वेलीचे वेढे पाहिले, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीचा हात घट्ट धरला.

वेल तीच होती. फक्त दुसऱ्या बाजूनं चढत होती.

५

समितीत आम्ही चौघं आणि भाचा. त्याच्यापुढे पाण्याचा पेला होता, आणि तो त्यातच पाहत होता.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. ट्रेसिंग पेपरवर मी कलागुरूंच्या फ्रेममधल्या वेलीची बाह्यरेषा उतरवून आणली होती. ती तिच्या कागदावर ठेवली तर काहीच जुळत नव्हतं. मग मी पेपर उलटा केला, तोंड खाली करून ठेवला, आणि कागद खिडकीशी तिरपा धरला. खोड खोडावर बसलं. पान पानावर बसलं. भोकाची कुरतडलेली कड कडेवर बसली. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

ही युक्ती प्रत्येक चित्रकाराला माहीत असते. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं चित्र उतरवायचं, तो नव्या कागदावर पालथा घालायचा, पाठीवरून घासायचं. चित्र उमटतं, पण आरशातल्यासारखं उलटं. सरळ हवं असेल तर आणखी एकदा करावं लागतं. कलागुरूंनी ते मुद्दाम टाळलं. उलट्या चित्राला कुणी नक्कल म्हणणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. उजेड मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे डावीकडून घातला, त्यामुळे मांडणी नवीच वाटली. मूळ चित्र राहिलं असतं तर शेजारी ठेवून कुणीही ओळखलं असतं, म्हणून ते पुसलं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर खोडून टाक म्हटल्यामुळे दोष कुणाकडे जाईल तेही ठरलेलं होतं. आणि दुसरं चित्र काढायला संचालक कुणाकडे धावतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“डॉक्टरांनी का केलं नसेल?” भाच्यानं विचारलं. डॉक्टर त्याच्याकडे पाहतच राहिले.

“डॉक्टरांचा हात असता तर नव्या चित्रात पाच पुंकेसर आले असते,” मी म्हणाले. “त्यांना एवढीच एक गोष्ट हवी होती. ज्यानं नक्कल केली त्यानं मोजलेसुद्धा नाहीत.”

कलागुरू हसले. ते हसणं त्यांनी पुष्कळ उद्घाटनांत वापरलं असणार. काचघरात आपण वेल पलीकडच्या बाजूनं पाहिली होती, म्हणून ती उलटी आली, असं ते म्हणाले. कलाकार कुठून पाहतो ते त्याचं स्वातंत्र्य.

यावर डॉक्टर उभे राहिले. त्यांना न्यायाची चाड होती असं नाही, पण कुणीतरी त्यांच्या कुळातल्या वेलीला उलटं चढवत होतं. ते कडाडले की पलीकडून पाहा, खालून पाहा, उलटं टांगून पाहा, वळण बदलत नाही. अशी वेल फक्त आरशात असते. फ्रेम त्यांनी पहिल्यांदा जवळ घेतली, चार पुंकेसर मोजले, धाकटीच्या कागदावर परत चार मोजले, आणि त्यांचा आवाज बसला. फ्रेम टेबलावर ठेवून ते खाली बसले, आणि त्या खोलीतली ती सगळ्यात सुखाची वेळ होती.

मला कलागुरूंची कीव आली नाही. चाळीस वर्षं हा माणूस फोटोंवरून गुलाब काढत आला, लोकांच्या दिवाणखान्यांत टांगत आला, आणि वेल कुठल्या बाजूनं चढते हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. रोज त्या मुलीच्या मागे उभा राहून त्यानं फक्त चित्र पाहिलं, शेजारची वेल पाहिली नाही. चोर असणं मी समजू शकते. पण झाडांची चित्रं काढण्याचा पगार घेऊन झाड न पाहणं, याला माझ्याकडे क्षमा नाही, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

भाच्यानं मग जे केलं ते फक्त तोच करू शकतो. त्यानं तोडगा काढला. छापताना कलागुरूंचं चित्रच उलटं करून छापावं, म्हणजे वेल आपोआप बरोबर चढेल. खाली दोघांची नावं. शेरा कुणालाच नाही. संस्थेची अब्रू राहील, आणि धाकटीला कायम करायचं तो मनावर घेईल. हे सांगताना त्यानं आशेनं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी पाहायचा तसं.

“मग उजेड उजवीकडून येईल,” धाकटी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं आपला पुसलेला कागद पुढ्यात ओढला. यावर आता परत काढता येणार नाही, पुसून पुसून कागदाच्या अंगावर लव आली आहे, असं ती म्हणाली. पण रेघा सगळ्या शाबूत आहेत. त्या पाहून नव्या कागदावर वेल परत उभी करता येईल, शिरेला शीर. फुलं अजून तिच्या डोळ्यांसमोर आहेत. चित्र तिचं एकटीचं असेल, खाली नाव एकटीचं, आणि पुसणाऱ्याचं नाव समितीच्या इतिवृत्तात लिहिलं जाईल. यातलं एकही कमी झालं तर हा कागद घेऊन ती दुसऱ्या संस्थेत जाईल, आणि तिथे सगळं सांगेल.

भाचा पाणी प्यायला. “ठीक आहे,” तो म्हणाला. “आणखी काय लागेल?”

“दिवा. कडेनं उजेड पडला तरच रेघा दिसतात. प्रत्येक पानाला तो वेगळ्या बाजूनं धरावा लागेल.”

“स्टँड मागवू.”

“स्टँड नाही चालायचा. हात लागेल, न कंटाळता धरणारा.” तिनं टेबलापलीकडे पाहिलं. “गुरूंना आता दुसरं काही काम नसेल.”

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एकाच बाजूला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चित्रशाळेत गेले. पडदे ओढले होते. धाकटी टेबलावर वाकली होती, डावीकडे पुसलेला कागद, समोर नवा. शेजारी कलागुरू उभे होते, कोट काढून, हातात छोटा दिवा. काठी झाली होती. वेलीचा पहिला वेढा खालच्या डावीकडून निघाला होता.

“जरा खाली घ्या, सर,” ती मान वर न करता म्हणाली, आणि त्यांनी दिवा खाली घेतला.